एक माईक की दोन? घरातली गिटार आणि मोनो-स्टीरिओचा इतिहास



आजचा विषय वरवर अगदी छोटा आहे. घरात एकटा माणूस गिटार वाजवतोय आणि ते वाजवणं त्याला जपून ठेवायचंय. त्यानं समोर एक माईक ठेवावा की दोन? म्हणजे रेकॉर्डिंग मोनो करावं की स्टीरिओ?

आमच्या बंगळुरात हा प्रश्न पडलेली मुलं-मुली जवळजवळ प्रत्येक सोसायटीत सापडतात. दिवसभर कंपनीचं काम, रात्री जेवणं आटोपली की खोलीचं दार लावून गिटार. एक लॅपटॉप, त्याला जोडलेलं हातभर लांबीचंही नसलेलं एक डबडं आणि दोन माईक. एवढ्या सामानात आज जे काम होतं, त्याला साठ वर्षांपूर्वी एखाद्या कंपनीचा अख्खा स्टुडिओ लागला असता. साधन हाती आलं, पण निर्णय आपल्यालाच करावा लागतो. दोन माईक परवडतात म्हणून दोन लावायचे, हे काही उत्तर नव्हे.

या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यातला एक तुकडा माझ्या जुन्या धंद्यातला, म्हणजे तोफखान्यातला आहे. तो इतिहास नीट पाहिला की उत्तर सोपं होतं. शिवाय आपल्या घरातल्या जुन्या कॅसेटींचं काय करायचं, हेही त्यातूनच कळतं. माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं आहे.

कर्ण्याचे दिवस

सुरुवात कोलकात्यापासून करू. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं तिथे भारतीय कलावंतांचं ध्वनिमुद्रण केलं. गौहर जान त्याच मुक्कामात गायल्या. तेव्हा माईक नव्हता आणि वीजही नव्हती. एक मोठा कर्णा असे. गाणारा त्याच्या तोंडाशी उभा राहून जोरात गाई. कर्ण्याच्या अरुंद टोकाला एक पातळ पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. आवाजाच्या निव्वळ जोरावर मेणात रेघ उमटायची.

या कर्ण्याला सगळे आवाज ऐकू येत नसत. साधारण १६८ हर्ट्‌झपासून २,००० हर्ट्‌झपर्यंतचेच सूर त्याच्या पल्ल्यात होते. आता गिटार बघा. तिची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्‌झवर वाजते, तिच्या वरची ११० वर आणि तिसरी १४७ वर. म्हणजे मोकळ्या वाजवलेल्या सहापैकी तीन तारांचे मूळ सूर कर्ण्याच्या पल्ल्याबाहेरच गेले. त्यांच्या वरच्या उपस्वरांवरून आपला कान अंदाज बांधे, एवढंच. शिवाय गिटारचा आवाज मुळातच हळू. व्हायोलिनचीही तीच अडचण होती. म्हणून ऑगस्टस स्ट्रो या माणसानं व्हायोलिनला लाकडी पेटीऐवजी धातूचा कर्णाच लावून टाकला आणि त्या काळातल्या ध्वनिमुद्रणांत तेच व्हायोलिन चालू लागलं. पॅराग्वेचा ऑगुस्तिन बारिओस यानं कर्ण्याच्या काळातही एकट्या गिटारच्या तबकड्या काढल्या, आणि तो पोलादी तारा लावून वाजवी.

१९२५ मध्ये विजेवर चालणारा माईक ध्वनिमुद्रणात आला आणि हे चित्र बदललं. आता कुजबुजसुद्धा तबकडीवर उतरू लागली. आंद्रेस सेगोव्हियानं १९२७ मध्ये एचएमव्हीसाठी बाख आणि सोर यांच्या रचना वाजवल्या. एकटा माणूस, एकटी गिटार, एक माईक. त्या तबकड्या आजही ऐकल्या जातात आणि त्या मोनो आहेत म्हणून कुणी नाक मुरडत नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. नोव्हेंबर १९३६ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात गंटर हॉटेलच्या ४१४ नंबरच्या खोलीत रॉबर्ट जॉन्सन नावाच्या तरुणानं गिटार वाजवत गाणी म्हटली. स्टुडिओ नव्हता, हॉटेलची खोली होती. असं सांगतात की तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. कुणी म्हणालं लाजरा होता, कुणी म्हणालं बोटं लपवत होता. गिटारवादक राय कूडर यानं वेगळीच शक्यता मांडली. खोलीच्या कोपऱ्याकडे तोंड केलं की दोन भिंतींवरून आवाज परत येतो आणि गिटार भरीव ऐकू येते, म्हणून तो तसा बसला असावा. खरं कारण काहीही असो. मोनो म्हणजे खोली नसलेलं रेकॉर्डिंग, असा जो समज असतो तो इथे खोटा ठरतो. खोली मोनोतही येते. ती फक्त आपल्या डाव्या-उजव्या बाजूला पसरत नाही, वाद्याच्या मागे उभी राहते.

दोन कान आणि तोफा

आता दोन कानांकडे वळू.

आवाज कुठून आला हे आपल्याला कसं कळतं, याचं उत्तर लॉर्ड रेली या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये मांडलं. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला थोडा उशिरा. शिवाय डोकं मध्ये येत असल्यामुळे डाव्या कानाला तो, विशेषतः त्यातले बारीक सूर, थोडा कमी ऐकू येतो. हा उशीर जास्तीत जास्त किती? सेकंदाच्या हजाराव्या भागाचा साधारण दोन तृतीयांश. एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा सांगतो. अंधारात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या जवानाचा जीव या फरकावर अवलंबून असतो.

हेच तत्त्व पहिल्या महायुद्धात तोफा शोधायला वापरलं गेलं. विल्यम लॉरेन्स ब्रॅग हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला तरुण भौतिकशास्त्रज्ञ. १९१५ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याला वडिलांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं, आणि त्याच वर्षी सैन्यानं त्याला फ्रान्समध्ये पाठवलं. काम एकच होतं: शत्रूची तोफ आवाजावरून शोधायची. रांगेत दूरदूर माईक मांडायचे, तोफेचा आवाज प्रत्येक माईकला कोणत्या क्षणी पोचला ते नोंदायचं आणि त्या वेळांच्या फरकांवरून तोफेची जागा काढायची.

अडचण अशी की साधे माईक तोफगोळ्याच्या सुसाट आवाजानंच भरून जात. तोफेचा स्वतःचा आवाज अतिशय खर्जातला, तो त्यांना नीट पकडता येईना. ब्रॅग ज्या घरात उतरला होता तिथल्या संडासात बसलेला असताना जवळची तोफ उडाली की हवेचा दाब अंगाला जाणवे, कानाला मात्र फारसं काही ऐकू येत नसे. त्यावरून त्याला कळलं की तोफेचा खरा संदेश त्या दाबात आहे. त्याच्या तुकडीतल्या कॉर्पोरल टकरला निजल्या जागी भिंतीच्या फटीतून येणारी गार झुळूक तोंडावर लागे, तीही तोफ उडाली की. टकरनं विचार केला की विजेनं तापवलेली बारीक तार अशा भोकाशी ठेवली तर झुळकीनं ती गार होईल आणि तिच्यातून वाहणारी वीज बदलेल. दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्याला भोक पाडून प्रयोग झाला आणि १९१६ मध्ये तोफ ऐकणारा माईक तयार झाला. युद्ध संपेपर्यंत या पद्धतीनं शत्रूच्या तोफा नकाशावर नेमक्या मांडता येऊ लागल्या होत्या.

आमच्या पिढीच्या तोफखान्यातल्या लोकांना साउंड रेंजिंग हे नाव परकं नाही. नाशिकजवळच्या देवळालीला, जिथे फाळणीनंतर तोफखान्याचं स्कूल आलं, तिथून बाहेर पडलेल्या कुठल्याही जुन्या गनरला विचारा. तो एका वाक्यात सांगेल: एका माईकला कळतं काय वाजलं, आणि कुठून वाजलं हे कळायला दुसरा लागतो.

हे वाक्य लक्षात ठेवा. घरातल्या गिटारचा निर्णय याच वाक्यावर होणार आहे.

ब्लुमलाइन

दोन माईकचं हे गणित संगीतात आणणारा माणूस म्हणजे अ‍ॅलन ब्लुमलाइन. लंडनमधला अभियंता, जन्म १९०३. बोलपट नुकते आले होते. बायकोबरोबर सिनेमाला गेला असताना त्याला खटकलं की नट पडद्याच्या एका टोकाला चालत जातो आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडूनच येतो. आवाज नटाबरोबर चालायला लावता येईल, असं त्यानं तिला सांगितलं. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. त्या एका पेटंटमध्ये सत्तर दावे होते. माईक कसे ठेवायचे, तबकडीच्या एकाच खाचेत दोन आवाज कसे कोरायचे, सगळं त्यात आलं.

त्याची माईक ठेवण्याची एक रीत आजही त्याच्या नावानं ओळखली जाते. पुढून आणि मागून सारखंच ऐकणारे दोन माईक घ्यायचे, एकाच्या डोक्यावर दुसरा ठेवायचा आणि त्यांची तोंडं एकमेकांशी काटकोनात करायची. दोन्ही एकाच जागी असल्यामुळे आवाज पोचायच्या वेळेत फरक पडत नाही. फरक पडतो तो कमी-जास्तपणात. पुढे दोन्ही आवाज एकत्र करून मोनो केला तरी काही बिघडत नाही. ही गोष्ट किती मोलाची आहे ते आपण थोड्या वेळानं पाहू.

जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम मोत्सार्टच्या सिंफनीची तालीम घेत असताना ब्लुमलाइननं ती स्टीरिओत टिपली. पण तबकड्या विकत घेणाऱ्यांना हे काही लगेच मिळालं नाही. कंपनीनं त्याला दूरदर्शनच्या आणि मग युद्धाच्या कामाला लावलं. विमानातून रात्री जमीन दाखवणाऱ्या एच-टू-एस रडारची चाचणी चालू असताना ७ जून १९४२ रोजी त्याचं हॅलिफॅक्स विमान कोसळलं. आतले सगळे, एकूण अकरा जण, गेले. ब्लुमलाइन अडतीस वर्षांचा होता. रडार गुप्त होतं, म्हणून त्याच्या मृत्यूची वाच्यताही तेव्हा झाली नाही. घराघरात स्टीरिओ पोचवणारी खाच ज्याच्या डोक्यातून आली, त्याला घरात बसून स्टीरिओ तबकडी ऐकायला मिळाली नाही.

बाजारात स्टीरिओ

स्टीरिओ एलपी दुकानात आली १९५८ मध्ये. तिच्या खाचेला दोन भिंती असतात. एका भिंतीवर डावा आवाज आणि दुसरीवर उजवा. दोघांची बेरीज सुईला आडवी हलवते आणि वजाबाकी वर-खाली. आडवं हलणं हे जुन्या मोनो तबकडीसारखंच, त्यामुळे स्टीरिओ तबकडीतून मोनो आवाजही सरळ मिळायचा. जुन्या गिऱ्हाइकाला रस्त्यावर सोडायचं नाही, हा विचार त्या आखणीतच होता. पुढे फिलिप्सच्या कॅसेटनंही तो पाळला. डावा आणि उजवा पट्टा शेजारी-शेजारी ठेवल्यामुळे मोनो यंत्र दोन्ही एकदम वाचू शके.

व्यापाऱ्यांनी मात्र दुसरंही एक काम केलं. लोक स्टीरिओ मागू लागल्यावर कंपन्यांकडे पडलेल्या हजारो मोनो तबकड्यांचं काय करायचं? मग त्या मोनो आवाजाच्या दोन प्रती काढायच्या, एकीतला खर्ज कापायचा, दुसरीतले बारीक सूर कापायचे, एक प्रत किंचित उशिरा सोडायची आणि वर 'स्टीरिओ' असं छापायचं. अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीनं १९६१ पासून याला ड्युओफोनिक असं भारदस्त नाव दिलं होतं. ऐकणाऱ्याला दोन्ही बाजूंनी काहीतरी ऐकू येई, पण मूळ आवाज मोडलेला असे.

आपल्याकडे एचएमव्हीच्या जुन्या एलपी ज्यांच्या कपाटात आहेत त्यांनी क्रमांकाआधीची अक्षरं पाहावीत. ईएएलपी किंवा ईसीएलपी म्हणजे मोनो, आणि ईएएसडी किंवा ईसीएसडी म्हणजे स्टीरिओ.

यातल्या एका ईसीएसडीचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. १९६७ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली 'कॉल ऑफ द व्हॅली'. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस वाद्यांतून उभा करायचा, अशी कल्पना. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. निर्माते होते एचएमव्हीचे जी. एन. जोशी. हे तेच जोशी, ज्यांनी वकिलीचं शिक्षण घेऊन भावगीतं गायली आणि १९३० च्या दशकात ज्यांच्या तबकड्या महाराष्ट्रात घरोघरी वाजल्या. म्हणजे एका मराठी माणसानं एका हयातीत एका माईकसमोर गाणंही केलं आणि स्टीरिओत चार वाद्यं मांडणंही केलं. तिथे स्टीरिओ का शोभला? कारण तिथे खरोखरच वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या जागी होती. कोण कुठे आहे, हा प्रश्न तिथे खरा होता.

बंगळुरापासून पन्नासेक किलोमीटरवर रामनगरचे खडक आहेत. 'शोले' तिथे चित्रित झाला. राजकमल कलामंदिरचे मंगेश देसाई त्याचे ध्वनिसंमिश्रक. १९७५ च्या ऑगस्टमध्ये सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर तो स्टीरिओफोनिक आवाजात आला आणि आमच्या पिढीनं नाण्याचा खणखणाट थिएटरमध्ये फिरताना ऐकला. ब्लुमलाइनला सिनेमागृहात जे खटकलं होतं, त्याचं उत्तर आपल्याकडच्या प्रेक्षकाला असं चव्वेचाळीस वर्षांनी मिळालं. पण तिथेही तेच. पडदा प्रचंड, घोडे इकडून तिकडे धावतात, गोळ्या चारी बाजूंनी. कुठून, हा प्रश्न क्षणोक्षणी पडतो.

आता खुर्चीत बसलेल्या एका गिटारवाल्याचा विचार करा. तो कुठे आहे? समोर. तो हलतो का? नाही. मग दुसरा माईक आपल्याला काय नवीन सांगणार?

घरातलं ध्वनिमुद्रण

घरी बसून केलेल्या रेकॉर्डिंगचं जगातलं एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का'. जानेवारी १९८२, न्यू जर्सीतलं राहतं घर, कॅसेटवर चार पट्टे नोंदवणारं टीअ‍ॅक कंपनीचं एक यंत्र आणि दोन साधे माईक. ते दोन माईक स्टीरिओसाठी नव्हते. गळा आणि गिटार यांच्यासाठी होते. हा फक्त कच्चा आराखडा होता. पुढे अख्खा बँड घेऊन तीच गाणी स्टुडिओत करून पाहिली, पण घरातल्या कॅसेटमध्ये जे होतं ते काही परत येईना. ती कॅसेट त्याच्या खिशात डबीशिवाय कित्येक आठवडे फिरली होती. शेवटी तीच तबकडी म्हणून बाहेर आली.

माझ्या ओळखीची एक कॅसेट मात्र कधीच प्रसिद्ध झाली नाही. १९८८ मध्ये उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर आमच्या युनिटमधला एक तरुण लेफ्टनंट गिटार वाजवायचा. टू-इन-वनच्या अंगातल्या माईकवर त्यानं चाळीसेक मिनिटं भरली आणि कॅसेट आईला धारवाडला पाठवली. काही वर्षांनी तो गेला. पुढे नात्यातल्या कुणीतरी, अगदी चांगल्या हेतूनं, एका दुकानात ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. दुकानदारानं ती 'सुधारून' दिली. जाड तारा डावीकडे, बारीक तारा उजवीकडे, वर प्रतिध्वनी. काकूंनी हेडफोन लावला, दोन मिनिटं ऐकलं आणि मला म्हणाल्या, "अरे, हा कुठल्या हॉलमध्ये वाजवतोय? माझा मुलगा माझ्यासमोर बसून वाजवायचा."

मूळ कॅसेट शाबूत होती. ती परत उतरवली. टेपचा हेड नीट बसवला, एकच पट्टा ठेवला, काही कापलं नाही, काही घातलं नाही. त्यात बुखारीची घरघर आहे, मध्येच कुणीतरी चहा झाला म्हणून हाक मारतो, आणि गिटार अगदी हाताच्या अंतरावर आहे. काकूंनी तेवढी प्रत ठेवली.

ड्युओफोनिकचा इतिहास ज्याला ठाऊक नाही तो आजही तेच करतो. आता तर फोनमधलं एक बटण दाबलं की जुन्या मोनोचा 'स्टीरिओ' होतो. म्हणून हा विषय केवळ हौशी लोकांचा नाही. आपल्या बहुतेक घरांत गेलेल्या माणसांचा जो काही आवाज शिल्लक आहे, तो मोनोच आहे.

मग एक की दोन?

फौजेत कुठलीही कारवाई ठरवण्याआधी विचार एका क्रमानं करायला शिकवतात. आधी उद्देश, मग भूभाग, मग उपलब्ध पर्याय. इथेही तोच क्रम धरू.

उद्देश. गिटार कशासाठी टिपायची? गाण्याच्या मागे वाजणार असेल तर मोनो ठेवा. गळ्याला जागा मिळते. रियाज तपासायचा असेल तर मोनो पुरे. एकटी गिटारच ऐकवायची असेल, ऐकणारा हेडफोन लावून शांत बसणार असेल, तर स्टीरिओचा विचार करायला हरकत नाही.

भूभाग म्हणजे खोली. दोन माईकना वादक कुठे बसलाय हे सांगायचं नसतं, कारण ते आपल्याला माहीतच आहे. मग ते मुख्यतः खोली सांगतात. म्हणून खरा प्रश्न असा की तुमची खोली ऐकवण्यासारखी आहे का? कँटोन्मेंटमधल्या एखाद्या जुन्या बंगल्यात उंच छत, लाकडी कपाटं, पुस्तकं असतील तर ती खोली गिटारला साथ देते. फ्लॅटमधली दहा बाय दहाची बेडरूम, गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, खाली रिक्षांचे हॉर्न आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या असतील, तर ती खोली दोन कानांत पसरवून काय साधणार?

या मुद्द्याचा उत्तम दाखला म्हणजे विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. सप्टेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराला एका प्रार्थनागृहात ती टिपली गेली. एकाची मोहनवीणा, दुसऱ्याची स्लाइड गिटार, साथीला तबला आणि डंबेक. श्रीलंकेत जन्मलेल्या कवी अलेक्झांडर यांनी माईक ठेवले ते ब्लुमलाइनच्या रीतीनं. दोन्ही वादक एकमेकांना भेटून तासही झाला नव्हता. १९९४ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं. त्यात वाद्यं जागच्या जागी आहेत आणि त्यांच्याभोवती ते प्रार्थनागृह ऐकू येतं. खोली तशी असेल तर दोन माईकना पर्याय नाही, हेही तितकंच खरं.

आता पर्याय.

एक माईक ठेवायचा तर गिटारच्या गोल भोकासमोर ठेवू नका. तिथून हवेचा खर्ज फुगून बाहेर पडतो आणि सगळं घुमतं. वाद्य म्हणजे आवाजाचा एक ठिपका नव्हे. त्याच्या वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळे सूर निघतात. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक म्हणून आलेल्या सर सी. व्ही. रामन यांनी त्याआधी कोलकात्यात तंबोऱ्यावर काम केलं होतं आणि त्याच्या घोडीच्या वक्र पाठीवर तार घासल्यानं उपस्वर कसे उठतात ते दाखवलं होतं. गिटारमध्ये जवारी नाही, पण धडा तोच: दोन बोटं सरकलं की आवाज बदलतो. साधारण वीतभर ते फूटभर अंतरावर, मान जिथे पेटीला मिळते त्या बाराव्या-चौदाव्या पडद्याकडे माईकचं तोंड करा. ऐका. सरकवा. परत ऐका. माईक बदलण्याआधी माईकची जागा बदला.

दोन ठेवायचे तर नवख्यानं दोन्ही माईकची तोंडं एका जागी आणून काटकोनात ठेवावीत. म्हणजे वेळेचा फरक पडत नाही. फ्रेंच रेडिओची एक प्रसिद्ध रीत आहे, त्यात माईक एकमेकांपासून १७ सेंटिमीटरवर आणि ११० अंशात फाकवलेले असतात. ती कानांच्या अंतराजवळ जाते आणि सुंदर ऐकू येते. पण एक हिशेब करा. एका बाजूनं येणारा आवाज दुसऱ्या माईकला १७ सेंटिमीटर उशिरा पोचला, तर साधारण १,००० हर्ट्‌झच्या सुराची लाट तिथे नेमकी उलटी असते. हेडफोनवर हे जाणवत नाही. दोन्ही आवाज एकत्र झाले की तो सूर झिजतो. आणि ते एकत्र कुठे होतात? फोनच्या एकुलत्या स्पीकरवर, छोट्या ब्लूटूथ डब्यावर. म्हणजे तुमचे निम्मे नातेवाईक जिथे ऐकणार आहेत तिथेच. ब्लुमलाइनची बेरजेत न बिघडणारी रीत का मोलाची, ते इथे कळतं.

आणि गिटारला खोलीपेक्षा मोठी करू नका. दोन माईक अगदी जवळ, एक मानेशी आणि एक ब्रिजशी लावून पूर्ण डावी-उजवीकडे फाकवले, तर ऐकणाऱ्याला दहा फूट रुंद गिटार ऐकू येते. मीटरभर लांबीचं वाद्य आहे ते. दोन्ही बाजू थोड्या आत ओढल्या की ते परत माणसाच्या मांडीवर येतं.

माझं मत विचाराल तर घरातल्या एकट्या गिटारला आधी एक माईक. तो ऐकून समाधान झालं, तर थांबा. खोली चांगली असेल आणि ऐकणारा शांत बसणार असेल, तर दोन. जे कराल ते केल्यावर एकदा मोनो करून ऐका. त्यात गिटार टिकली तर रेकॉर्डिंग पास.

शेवटी एक काम सांगतो. घरात जुन्या कॅसेटी किंवा स्पूल असतील, तर त्या जशा आहेत तशा उतरवून घ्या. काही वाढवू नका, काही पुसू नका. फाइलच्या नावात कुणी वाजवलं किंवा गायलं, साल कोणतं आणि गाव कोणतं, एवढं लिहा. सुधारलेली प्रत हवीच असेल तर ती वेगळी करा आणि मूळ प्रतीला हात लावू नका. मूळ कॅसेटही फेकू नका. उद्या जास्त चांगलं यंत्र आलं तर ते त्या कॅसेटवरूनच काम करेल, आज कुणी 'सुधारून' दिलेल्या फाइलवरून ते होणार नाही.

पुढच्या भागात रेडिओकडे वळू. म्हैसूरच्या एका प्राध्यापकानं १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरातून प्रक्षेपण सुरू केलं होतं, आणि 'आकाशवाणी' या नावाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. ती गोष्ट तेव्हा.